नववं चाक

लोहामंडीच्या ऑफिसात अण्णांनी
आज मला चाव्या दिल्या नाहीत.
चाव्या काय, ड्रायव्हरांकडेच असतात.
दिला हातभर लोखंडी रॉड,
मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेला.

"ठोकून बघ," म्हणाले.
टण्ण म्हणजे हवा आहे.
भद्द म्हणजे गाडी थांबव,
माल कुणाचाही असो.

एक्याऐंशी साली एकच गाडी, तीही अर्धी बँकेची.
बिजासन घाटात ब्रेक गेले
तेव्हा धाकटा काका क्लीनरच्या जागी बसलेला.
बिल्टीवर अजून त्याचंच नाव:
मुरलीधर रोडलाइन्स.
व्यापाऱ्यांना वाटतं, देवाचं आहे.

माझ्या मोबाइलवर चौदा निळे ठिपके.
एक धुळ्याला, दोन शिवपुरीच्या पुढे,
एक तासभर मानपूरला अडकलेला.
अण्णा चष्मा वर करून बघतात:
"यातून आवाज येतो का?"

रात्री अकराला इलियासची गाडी निघायची,
सोयाबीनच्या पेंडीची, ताडपत्री आवळलेली.
मी वाकते, ठोकत जाते.
नववं चाक.
टण्ण? की भद्द?
वळून बघते, तर अण्णा
चहाच्या टपरीकडे तोंड करून उभे,
मुद्दाम.

पुन्हा ठोकते.