पाठकोरं

रात्री दहाला आम्ही मागच्या दारानं आत शिरतो,
नोएमी, मी, आणि व्हॅक्यूमची दोन यंत्रं.
एकोणिसाव्या मजल्यावर दिवसा बँकेची माणसं बसतात.
आम्ही त्यांना कचऱ्याच्या डब्यांवरून ओळखतो:
हा संत्री सोलून खातो, ही पेन्सिली चावते,
काचेच्या खोलीतला रोज अर्धं सँडविच टाकतो.

खाली चौकात तीन आठवडे तंबू पडलेत.
वरून दिसतात दोरीवरून पडलेल्या कपड्यांसारखे,
निळे, नारिंगी, एक तर चक्क फुलाफुलांचा.
डेन्व्हरमध्ये एकदा बर्फ भुरभुरून गेला,
तरी ढोल थांबत नाही.
नोएमी म्हणते, यांना सकाळी कामाला जायचं नसतं का गं?
मी म्हणते, काम नाही म्हणूनच आलेत.
मग शोधावं. आपण नाही शोधलं, भाषासुद्धा येत नसताना?

परवा बस चुकली म्हणून चौकातून चालत गेले.
एका दाढीवाल्या पोरानं कागदी पेल्यात सूप दिलं,
आणि म्हणाला, मला समजेल असं सावकाश,
आपण सगळे नव्याण्णव टक्के.
मी मान हलवली. सूप गरम होतं.
मनात म्हटलं, पोरा, तुला पकडलं तर एक रात्र,
आईला एक फोन.
मला पकडलं तर विमान.
त्या नव्याण्णवांत मला मोजलं कुणी, कुठल्या कागदावर?

धाकटा भाऊ विल्मर मात्र तिथं जाऊन ओरडून येतो.
रविवारी आमच्या स्वयंपाकघरात त्याची त्रान्सितोकाकांशी जुंपली.
विल्मर म्हणाला, ज्यांनी बुडवलं त्यांनाच पैसे मिळाले.
काका म्हणाले, घेतलं की फेडायचं.
माझ्यावर सीमेपारच्या दलालाचे सात हजार होते,
वेवेतेनांगोची जमीन गहाण,
चार वर्षं लोकांची छपरं शाकारून फेडले.
कुणाच्या दारात तंबू नाही ठोकला.
विल्मर म्हणाला, आणि छपरावरून पडलात, पाठ गेली,
त्याचे ठेकेदारानं किती दिले?
काका बोलले नाहीत.
तव्यावरची टॉर्टिया करपली.

आमची भिशी अकरा जणांची. आठवड्याला पन्नास.
सही नाही, शिक्का नाही, एकदाही बुडाली नाही,
हे मी मान वर करून सांगते.
बासिलियाची मुलगी दवाखान्यात होती
तेव्हा तिचे पन्नास बाकी दहांनी वाटून भरले,
आणि तू आधीच जपून का नाही खर्च केलास
असं तिला कुणी विचारलं नाही.
हेही सांगते.

शनिवारी पहाटे तीनला सुपरवायझरचा फोन.
चौक साफ करायचाय. रोख. दुप्पट.
पोलीस येऊन गेले होते.
भाडं पाच तारखेला असतं. मी गेले.
(विल्मरला अजून सांगितलेलं नाही.)

हातमोजे घालून तंबू गुंडाळले, फुलाफुलांचासुद्धा.
भिजलेली पुस्तकं, एकच मोजा, बुडाशी करपलेलं सुपाचं पातेलं.
टाकायचंच होतं ते,
तरी मी बर्फानं घासून लख्ख केलं,
मग टाकलं.

एक पुठ्ठा सापडला. जाड काळी अक्षरं.
खाली बाईच्या हातचं वाटावं असं गोल गोल वळण.
शिक्षणाचं कर्ज: एक्क्याऐंशी हजार.
आकडे मला वाचता येतात.
काकांच्या अकरा-बारा पट.
एवढ्या पैशांत
हिला कुणी कुठली सीमा ओलांडून दिली?

पुठ्ठा पाठकोरा होता. चांगला जाड.
घरी आणला, फ्रिजवर लावला, अक्षरं आतल्या बाजूला.
वर अकरा नावं लिहिली, शेजारी आठवड्यांचे चौकोन.
संध्याकाळी विल्मर आला, बघत उभा राहिला.
मागे काही लिहिलंय का गं?
म्हटलं, हिशेब आहे.
कुणाचा?

तव्यावर टॉर्टिया होती.
मी ती उलटली.