ओहोटीची रेघ

नव्या माणसाचं खातं उघडताना
यंत्र शेवटी एकच विचारतं:
हा रोज सकाळी कुठल्या पातळीवर जागा होणार?

तो किती वर चढू शकतो ते माझ्याकडे नाही.
ते वरून येतं, लाखेच्या शिक्क्यानिशी.
माझ्या हातात ही एवढीच चौकट, डिफॉल्टची.
मी तिथे सगळ्यात खालची पातळी भरते.

त्यावरून भांडणं होतात.
परवा रुजू झालेला मयूरेश घरत म्हणाला,
मॅडम, मला तर लालपर्यंत परवानगी आहे,
मग रोज हिरव्या पट्टीतून का सुरुवात?
त्याला मी खिडकीशी नेलं.
माझगावच्या या नकाशांच्या दफ्तरातून
गोदीचा एक तुकडा दिसतो, दोन क्रेनच्या मधला.
म्हटलं, खोली कुठून मोजतोस?
भरतीपासून?
नाही, तो म्हणाला. सगळ्यात खालच्या ओहोटीपासून.
का?
नाहीतर जहाज रुततं.
मग झालं तर.

त्रिलोकेकरसाहेबांचं मात्र त्याला सांगितलं नाही.

मी नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं.
ते म्हणाले, निवृत्तीला आलो आता,
रोज पायरी-पायरीने चढायला मी काय शाळकरी?
मी चौकटीत लाल भरलं.
तेव्हापासून त्यांचा पडदा उघडायचा तो लालच,
आणि ते जे लिहितील ते लाल.
पेन्सिली संपल्याची चिठ्ठी लाल.
पंखा कुरकुरतो, ही तक्रार लाल.
वरून खालचं वाचता येतं,
वरून खाली लिहिता येत नाही.
आई म्हणायची, पातळी सोडून बोलू नये.
इथे बोलायचंच असेल तर पातळी सोडावी लागते,
रीतसर बाहेर पडून
पुन्हा खालच्या दाराने आत येऊन.

आणि यंत्र नाही म्हणत नाही, हेच वाईट.
खालच्याला ते काहीच दाखवत नाही.
बंद दार दिसलं तर माणूस ठोठावतो तरी.
इथे सपाट भिंत.

शेवटच्या दिवशी ते ओळखपत्र देऊन गेले,
कुणाकडे न बघता.
आम्ही म्हटलं, मोठा माणूस,
साधं चहालाही विचारलं नाही.

सात वर्षांनी जुनं यंत्र रिकामं करताना
दोन साक्षीदारांसमोर मी लालपर्यंत चढले.
तिथे, बंदराच्या तळाच्या आकड्यांशेजारी,
बारा ओळींची एक फाईल:
शनिवारी रात्री आठला सर्वांनी माहीमला घरी यावे.
सौ. कोलंबीचं भानोलं करणार आहेत.
कुलकर्णींसाठी कोबीचं वेगळं.
खाली आमची अकरा नावं,
माझ्या नावापुढे कंसात: नवीन मुलगी, हिला रस्ता सांगणे.

फाईल खाली आणायला अर्ज लागतो.
कारण, असा रकाना असतो त्यात.
लिहिलं: मजकुरात गुपित काही नाही. जेवण आहे.
सह्यांना नऊ दिवस लागले.
ती हिरव्यात उतरली तेव्हा
अकरांतले चौघे उरलो होतो दफ्तरात.
कुलकर्णी तर जगातच नव्हते.

फोन बाईंनी उचलला.
मी नुसतं नाव सांगितलं, हुद्दा नाही.
त्या म्हणाल्या, ते जरा पडलेत. काय काम होतं?
मागे कुकरची शिट्टी झाली, मग कुणी खोकलं.
मी म्हणाले, काम नाही काही.
शनिवारी आठला बोलावलं होतं साहेबांनी,
आम्हाला यायला थोडा उशीर झालाय.