साडेपंधरा व्होल्ट

ल्यूटनला रेल्वेच्या कमानीखाली एरॉलचं दुकान आहे.
वरून बेडफर्डची गाडी गेली
की भिंतीवरचे पाने एकमेकांवर किणकिणतात,
एरॉल बोलायचा थांबतो,
गाडी जाऊ देतो,
आणि अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतो.

मी खोकं घेऊन गेले होते. सौमित्रचं.
ॲबर्डीनला जाताना पलंगाखाली सारून गेला:
एक ॲम्प्लिफायर, दोन मिडरेंज स्पीकर,
त्यातला एक मुका.
खोक्यावर लाल अक्षरांत: पंधराशे वॉट.

एरॉलनं खोक्याकडे पाहिलंच नाही. फ्यूज पाहिला.
वीसचा.
"बारा व्होल्ट, वीस ॲम्पियर, दोनशे चाळीस.
निम्मे तापण्यात जातात. उरलेल्याच्या चार वाटण्या.
वाट्याला तीस."
आडातच नाही, मी मनात म्हटलं,
आणि खोक्यावर पोहऱ्याचं चित्र केवढं.

मग त्यानं मुका स्पीकर माझ्या नाकाशी धरला.
जळक्या वार्निशचा वास.
"जास्त पॉवर दिली असणार," मी म्हणाले,
"रोज सांगायचे, आवाज कमी कर."
"नाही," तो म्हणाला. "कमी पडली."

खोक्याच्याच झाकणावर त्यानं पेन्सिलनं लाट काढली,
गोल माथा, गोल पोट.
मग वर एक आडवी रेघ, खाली एक,
आणि बाहेर आलेलं सगळं अंगठ्यानं पुसलं.
"तीसची ऐपत, आणि बटण शेवटपर्यंत.
लाट पुरती उभी राहत नाही. छताला डोकं टेकून
तिथेच घुटमळते.
ते घुटमळणं कॉइल भाजतं.
हा बिचारा चाळीसचा होता."

वरून गाडी गेली. दोघंही थांबलो.

मला आमचं स्वयंपाकघर दिसलं,
ऑगस्टमधला तो निकालाचा गुरुवार.
वॉर्डातली रात्रपाळी उरकून आलेली मी,
पायात अजून ड्यूटीचे बूट,
अंगात तीस वॉट,
आणि बटण शेवटपर्यंत.
काय बोलले ते आठवत नाही.
माथे कापलेली वाक्यं आठवत नसतात बोलणाऱ्याला.
तो फ्रिजला टेकून उभा होता,
हातात लिफाफा नाही, नुसता फोन,
आणि ऐकत होता. पूर्ण.

नवी जोडी साठची घेतली, ॲम्प्लिफायर पंचाहत्तरचा.
"पंधरा जास्त कशाला?" मी विचारलं. काटकसर जात नाही.
"वापरायला नाही," एरॉल म्हणाला. "असू द्यायला."
तीनशे हर्ट्झच्या खालचं याच्याकडे पाठवायचं नाही,
धडधड दुसऱ्यांनी सांभाळावी,
हा फक्त बोलण्यासाठी आहे.
मग स्पीकरच्या तारा सोडवल्या, मीटर लावला,
साठ गुणिले चार, त्याचं वर्गमूळ,
आणि केसाएवढा स्क्रू फिरवत राहिला,
चौदा, पंधरा, सोळा, परत मागे,
साडेपंधरा.
त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका.
"आता याला हात लावायचा नाही."

कमानीबाहेर गाडीत बसले. गाणं लावलं नाही.
त्याचा मागच्या महिन्यातला निरोप लावला, नऊ सेकंदांचा,
फोनवर दहादा ऐकलेला:
आई, पोचलो. थंडी आहे. ठीक.

दाराच्या आतून तो बोलला, माझ्या डाव्या गुडघ्याजवळ,
घसा न ताणता.
आणि "थंडी आहे" नंतर, फोनमध्ये कधीच नव्हता
असा एक श्वास,
काहीतरी म्हणायला घेतलेला
आणि "ठीक"वर भागवलेला.

एरॉल शटर ओढत होता.
मी फोन हातात घेतला. नंबर लावला.
वाजतोय.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही,
पण रात्री झोप झालीय,
आणि पंधरा आहेत शिल्लक.