दीड क्रोनरचा आवाज

ओद्वारच्या दुकानात काडतुसांची खोकी
पिठाच्या पुड्यांसारखी रचलेली असतात.
किंमत मात्र बारीक अक्षरात,
वाचायला वाकावं लागतं.

वडिलांची तीनशे मॅग्नम. एक गोळी पासष्ट क्रोनर.
बेकरीत रात्रपाळी करणारीला हिशेब शिकवावा लागत नाही.
एक गोळी म्हणजे दोन पाव, काळे, जाड सालीचे.
वीस गोळ्यांचं खोकं म्हणजे मुलाचे हिवाळी बूट.
आणि परीक्षेआधी सरावाच्या तीस तरी झाडायच्या,
वर परीक्षेच्या पाच.
झाडायच्या म्हणजे काय,
मातीच्या बांधात बूट आणि पाव पुरून यायचं.

वडील वर्षाला तीनच गोळ्या बाहेर काढत.
एक कागदावर, दुर्बीण हलली नाही ना बघायला.
एक मूसला.
तिसरी खिशात परत.
त्याआधी तरुणपणी सैन्यात
सरकारी खर्चानं त्यांनी हजारो झाडल्या होत्या,
ते कुणी सांगत नाही.
म्हणून अख्खं खोरं म्हणतं,
त्या घराण्याचा नेम रक्तातच आहे.

ओद्वारनं विचारलं, केवढं जनावर मारायचंय?
मी म्हटलं, चारशे किलोचं.
आणि त्याच्या आधी?
त्याच्या आधी कागद.
हाल्दिस, कागद मरायला बावीसची गोळीही पुरते.

मी हसले नाही. दीर म्हणालाच होता,
बावीस पोरांची. खारी मारायची.
मोठी गोळी चुकली तरी काम करते.
(त्याची दोन वर्षांपूर्वीची जखमी मादी
कुत्र्यांना तिसऱ्या दिवशी सापडली,
ग्लोम्माच्या पलीकडे.)

मग एका रविवारी ओद्वार सोबत आला मैदानावर.
रायफल तो भरणार, मी झाडणार.
पहिली गोळी: खांद्यावर दार आदळल्यासारखं.
दुसरी: तेच दार.
तिसऱ्या वेळी मी श्वास सोडला, चाप ओढला,
आणि नुसतं
टिक.

त्यानं रिकामं काडतूस घातलं होतं, न सांगता.
आवाज नव्हता, धक्का नव्हता, धूर नव्हता,
आणि मी होते: डोळे घट्ट मिटलेले,
खांदा आखडलेला,
नळीचं टोक गवताकडे झुकलेलं.
काहीही न घडता मी अख्खी घडून गेले होते.
ओद्वार खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघत राहिला.
चांगला माणूस आहे.

त्या हिवाळ्यात बावीस घेतली, वापरलेली.
एक गोळी दीड क्रोनर.
पन्नास मीटरवर, हातमोज्याचं एक बोट कापून,
पाळी संपली की सरळ मैदानावर, केसांत पीठ तसंच.
रोज चाळीस. कधी थंडीनं पंचवीसच.
इतका छोटा आवाज, की त्याच्या आड लपता येईना.
चुकले तर मीच चुकले.
फेब्रुवारीत कधीतरी लक्षात आलं,
गोळी सुटताना मला कागद दिसतोय.

वसंतात साडेसहाची जुनी रायफल,
दस्त्यावर कुणाच्या तरी कुत्र्याचे दात.
सरावाची गोळी अठरा क्रोनर,
तीसचा हिशेब एका आठवड्याच्या ओव्हरटाइममध्ये बसला.
परीक्षेत पाचही गोळ्या वर्तुळात गेल्या.
एक अगदी रेघेवर, परीक्षकानं चष्मा काढून पाहिली.

मॅग्नम मी विकली नाही, असं आईला वाटतं.
विकली. ओद्वारकडे पावती आहे.
ती पोलादी कपाट कधी उघडत नाही,
पण दिवाळखोरासारखी मी किल्ली बरोबर बाळगते.

तिच्या सात गोळ्या राहिल्यात,
माझ्या दुसऱ्या कुठल्याच नळीत न बसणाऱ्या.
मोज्यांच्या खणात ठेवल्यात,
बंद झालेल्या चलनाची नोट,
कुठेच मोडणार नाही हे ठाऊक असून
जपून ठेवावी तशा.