कळ

नरसय्या गेला तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला,
वीस रियालांच्या बदल्यात.
बिजागरी मोडलेली, पडदा दोरीने मागे बांधायचा,
आणि आत एकच खेळ.

खेळ म्हणजे काय, तर नदी.
एक होडी, एक नावाडी, त्याला तोंड काढलेलंच नाही.
लांब कळ दाबली की वल्हं पाण्यात पडतं,
सोडली की होडी थांबते.
झालं. बंदूक नाही, गुण नाहीत, मरणंसुद्धा नाही.
हा कसला खेळ, मी म्हटलं होतं,
आणि वल्हं असं धरतात का कुणी?
माझ्या बापाने दाभोळच्या खाडीत तीस वर्षं तर चालवली,
आमच्या वेलदूरची पोरं हसतील याला.
तो म्हणाला, भाई, आमच्या गावात नुसतं तळं आहे,
मला चालतं.

एकेक उतारू येतो, बसतो, बोलतो, पैलतीरी उतरतो.
पोस्टमन. नवरी. बकरी घेऊन एक मुलगा
(बकरीही बोलते, एकदाच, आणि खरं बोलते).
शेवटी गाठोडं घेतलेली म्हातारी.
तिला उतरवलं की खेळ संपला.
सगळं मिळून अडीच-तीन तासांचं काम,
सोहारहून बस मस्कतला पोचते तेवढं.

फेब्रुवारीत शटडाऊन होतं.
बॉयलर निवलेले, सगळ्यांच्या रजा बंद.
सुपरवायझर म्हणाला, एकवीस दिवसांनी बघू.
आईला एकवीस दिवस ठेवतात का कुणी?
परांचीच्या मागे, जेवणाच्या सुट्टीत,
हेल्मेट न काढता त्याने मोबाईलवर पाहिलं सगळं.
मोबाईल मी धरला होता,
त्याचे हातमोजे ग्रीसने माखलेले.
नेटवर्क दोनदा गेलं.
दुसऱ्यांदा आलं तेव्हा लोक परतत होते.

त्यानंतर रोज रात्री पांघरुणाखाली उजेड.
मी ओरडायचो, नरसय्या, चारला बस आहे, बंद कर ते.
एकदा अंधारातून त्याने लॅपटॉप पुढे केला,
भाई, या इंग्रजीचा अर्थ काय?
मी झोपेत वाचलं, झोपेतच सांगितलं:
ती विचारतेय, जेवलास का.
आणि कूस बदलली.
पुन्हा त्याने काही विचारलं नाही.

काल शुक्रवार. बाहेर शेचाळीस अंश,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
खाली कुणाचीतरी मासळी करपतेय.
वेळ जाईना म्हणून खेळ उघडला.
कोपऱ्यात बारीक आकडे होते, आधी कधी पाहिले नव्हते:
खेळलेला वेळ, एकशे बारा तास.

होडी नदीच्या मधोमध.
म्हातारी बसलीय, गाठोडं मांडीवर.
तिची वाक्यं केव्हाच संपलीत.
आता ती मधूनच पदर सारखा करते,
नावाड्याकडे बघते,
मग पाण्याकडे.
पैलतीर दिसतोय. आठ-दहा वल्ही, फार तर.

बोट कळीवर गेलंच माझं.
काठ दिसला की हात आपोआप ओढतात,
बापाची सवय.
दाबली नाही.
मग म्हटलं, आपण पहिल्यापासून खेळू, पोस्टमनपासून,
तर खेळ विचारतो:
जुना पुसला जाईल. चालेल?
नाही चालणार, मी मोठ्याने म्हणालो,
खोलीत कुणी नव्हतं.

पडद्याचा फोटो काढून त्याला जगित्यालला पाठवला.
रात्रभर निळी खूण नाही.
आज पाळीवरून आलो तर एवढंच आलेलं:
अजून बसलीय?

वीस रियाल सोड आता, असं लिहिणार होतो.
लिहिलं,
बसलीय. चार्जर लावून ठेवलाय.