गुंजभर

सराफ्यात एकतीस वर्षं काटा धरला.
श्वास सोडला तरी पारडं हलतं,
म्हणून तोलताना श्वास रोखायची सवय.
ती अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

नागीण आली आषाढात,
डाव्या बरगडीखालून पाठीकडे.
फोड वाळले, खपल्या गेल्या,
कातडीखाली मात्र ती राहिलीच.
सदऱ्याचं कापड लागलं तरी फणा काढते.

मग गोळी. मग दोन. मग किती,
ते कुमुदने मोजायचं आणि मी लपवायचं.
तीन वर्षं दुखणं पलीकडच्या खोलीत जाऊन बसलं,
आणि मीही.
नातवाच्या मुंजीत मी होतो म्हणे.
फोटोत आहे.

डॉक्टर सलूजा म्हणाल्या, घाईने लोक परत फिरतात.
ही गोळी तोडायची नसते,
तोडता येणारी लिहून देते.
दर पंधरवड्याला थोडी कमी.
थोडी म्हणजे किती, मी विचारलं,
आणि घरी येऊन माळ्यावरचा काटा काढला.

दोन गुंजा भरली, वर थोडं.
लाल गुंज, काळा डोळा,
पारड्यात बसून माझ्याकडे बघत.
पात्याने कापली. चूर कागदावर सांडला.
सोन्याचा टिपायचो तसा बोटाने टिपायला गेलो,
कुमुदने कागद ओढून घेतला.

पहिल्या कपातीला काहीच नाही.
दुसरीला जांभया, एकीत एक गुंतलेल्या,
नाक वाहतंय,
हातात काटा, अंगावर काटा,
अंथरुणात पाय सायकल चालवतात,
पोटाचं तर विचारूच नका.
आणि बरगडी.

यातलं तुमचं किती, गोळीचं किती,
ओळखायला शिका, बाई म्हणाल्या होत्या.
रात्री अडीचला कसोटीवर घासून बघतो.
एका ओळीत विजेसारखं पेटतं ते माझं.
हाडाहाडातून हात पसरून मागतं ते तिचं.
दोन्ही पिवळंच. रेघ वेगळी उमटते.

तसाच उठून सराफ्यात जातो.
कढया थंड, शेगड्या ठेल्यांवर चढवलेल्या,
भुट्ट्याच्या किसाचा शिळा वास.
महापालिकेची माणसं रस्ता धुतायत.
पाणी पायांवरून गेलं, गार,
तेवढा वेळ डावी बाजू गप्प होती.
किती वेळ, मोजला नाही.

बाविसाव्या वर्षी मंदसौरला गेलो होतो
एका लग्नाचे दागिने पोचवायला.
माघ असेल. पांढरी फुलं झडून गेलेली,
हिरव्या बोंडांना बायका दुपारी चीर देत होत्या.
रात्रभर दूध येतं, काळं पडतं,
सकाळी खरवडून घ्यायचं.
चीर खोल गेली की बोंड वाया, एक म्हणाली.
माझी गोळी कारखान्यातली,
त्या शेताशी तिचं नातं असलंच तर लांबचं.
तरी सदरा काढून आरशात बघतो
तेव्हा बरगडीवर ओळीने डाग.

आठव्या पंधरवड्यात घसरलो.
कुमुद भजनाला गेलेली,
तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात.
ती आली तेव्हा मी तसाच, हात पांढरा.
काही बोलली नाही. सूप घेऊन
सांडलेले तांदूळ पाखडत बसली.
बाई रागावल्या नाहीत.
एक पायरी मागे, म्हणाल्या, आणि परत.

आज सकाळी कचरागाडी आली, तेच गाणं वाजवत.
ओला, सुका, आणि मागे
धोकादायकचा छोटा डबा.
उरलेल्या पट्ट्या त्यात टाकायला दिल्या.
पोरगा उलटून बघत म्हणाला,
बाबूजी, इसकी तो एक्सपायरी बाकी है.
म्हटलं, मेरी भी.

एक अर्धी अजून घरात आहे.
कुठे, ते कुमुदला माहीत. मी विचारत नाही.
काटा माळ्यावर गेला.
बरगडी जागीच आहे,
म्हणून सदरा उलटा घालतो, शिवण बाहेर.
काका, सदरा उलटा घातलाय,
रस्त्यात कुणीतरी सांगतंच.
माहीत आहे, म्हणतो.