सव्वाशे गॅलन

वूस्टरमधली ही लाकडी तीन मजली घरं
खांद्याला खांदा लावून चढावर उभी.
तिसऱ्यावर आम्ही, दुसऱ्यावर मिसेस यानुलिस,
तळाला घरमालकाची कुलूपबंद खोली.

निनादनं मासे पाळायचं काढलं तेव्हा मला वाटलं
काचेचा एखादा वाडगा असेल, खिडकीत मावणारा.
आली ती सहा फुटांची टाकी, फुकट मिळालेली.
कुणी दंतवैद्य दवाखाना आवरून फ्लोरिडाला निघाला होता.
चार माणसांनी ती जिन्याच्या तीन वळणांतून वर आणली
रिकामी. रिकामी होती म्हणून आली.

रात्री नानांना फोन.
माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
आयुष्यभर पाणी टीएमसीत मोजलेला माणूस.
सव्वाशे गॅलन ऐकून आधी हसले,
मग कागद ओढल्याचा आवाज आला.
काच, वाळू, दगड धरून साडेसहाशे किलो.
"तुळया कुठल्या दिशेनं जातात?"

घर फिरलं की वासे फिरतात
एवढीच माझी स्थापत्यविद्या.
घर न फिरताही लाकडाला दिशा असते
हे मी गुडघे टेकून, जमिनीवर टिचक्या मारत शिकले:
पोकळ, पोकळ, पोकळ, भरीव.
सोळा इंचांवर पुन्हा भरीव.

आणि खाली, बरोबर त्या जागेखाली,
मिसेस यानुलिसचा पलंग.
सांगायला गेले. हातात तिळाच्या वड्या, तोंडात माफी.
ती म्हणाली, वर तुमच्या खोलीत
एकसष्ट साली माझ्या नणंदेचं लग्न झालं.
साठ माणसं नाचली,
इथे माझ्या सूपमध्ये छताचा चुना पडला,
आणि घर अजून उभं आहे.
मी नानांना कळवलं. ते जरा थांबले.
"माणसं रात्री आपापल्या घरी जातात गं.
पाणी जात नाही."

मग टाकी सरकली बाहेरच्या भिंतीलगत,
तुळयांना आडवी, खाली जाड प्लायवूड.
भरायची तीही एका दिवसात नाही:
रोज एक वीत, आणि रात्रभर ऐकत पडायचं.
तिसऱ्या रात्री लाकूड एकदाच बोललं.
आम्ही दोघं अंधारात, श्वास धरून.
पोटातलं पाणी हललं,
टाकीतलं नाही.

भरल्यावर दिसलं, पाणी सरळ होतं, घर नव्हतं.
डावीकडे काठाखाली बोटभर जागा, उजवीकडे दोन.
शंभर वर्षं हे घर रस्त्याकडे कलत आलंय
आणि आपण सपाट झोपतो
असं आम्ही धरून चाललो होतो.

मासे आले. सतरा.
सगळ्यांचं मिळून वजन एका लिंबाहून कमी.

आता दर रविवारी नाना तब्येत विचारत नाहीत,
"पातळी?" एवढंच विचारतात.
मी काचेला बोट लावते.
हीटर चालू, हवा कोरडी,
आठवड्याला बोटभर पाणी उडतं,
निनाद बादलीनं परत ओततो.
"कुठेतरी मुरत असणार."
धरणावरचा माणूस, गळती शोधणारच.
घरातच असेल कुठे, मी म्हणते.

मिसेस यानुलिसनं पलंग हलवलेला नाही.
पंपाची घरघर खाली ऐकू येते म्हणाली,
मी चटकन सॉरी म्हटलं.
तिनं हात झटकला.
वर कुणीतरी जागं आहे असं वाटतं, म्हणाली,
आणि विचारलं, त्या वड्या
कशाच्या होत्या.